विमानाला नवी पाटलोण शिवतोय (आरव्ही-६ च्या गिअर लेग फेअरिंग)

ढगफोड्या | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मागे मी इथे लिहिलं होतं की ओहायोत सेकंडहँड आरव्ही-६ घेतलंय, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलेलं की घरी बनवलेलं विमान म्हणजे नक्की काय भानगड, आणि मी उत्तर द्यायचा आळस केला. तर ओरेगॉनमधल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी किट विकते, पत्रे, रिब, फायबरचे तुकडे आणि रिव्हेटच्या थैल्याच्या थैल्या, आणि लोक गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खपून ते जोडतात. अशी अकरा हजारांवर विमानं आजवर उडालीत. माझं एका गृहस्थांनी १९९८ ला पूर्ण केलेलं, १६० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, शेजारी शेजारी दोन सीट, शेपटीला छोटं चाक.

आता मुद्दा. याची चाकं आत जात नाहीत. इंजिन माउंटमधून दोन निमुळते गोल स्टीलचे दांडे तिरके खाली येतात, तेच पाय आणि तेच स्प्रिंग. त्या दांड्यावर थेंबाच्या आकाराची फायबरग्लासची खोळ असते, ती गिअर लेग फेअरिंग. चाकावरचं झाकण म्हणजे व्हील पँट. खोळ जिथे वर बॉडीला आणि खाली पँटला भेटते तिथे एकेक कॉलर, त्याला इंटरसेक्शन फेअरिंग म्हणतात. खोळीची मागची कड पियानो हिंजने बंद होते, लांब तार ओढली की शेंगेसारखी उघडते.

या वर्षी कंडिशन इन्स्पेक्शनसाठी (वार्षिक तपासणी) सगळं उघडलं तर उजव्या खोळीच्या हिंजचे सात-आठ डोळे तुटलेले, कडेला भेगा, वरच्या कॉलरला तडा. ते एक वेळ चाललं असतं, पण ब्रेकची नळी दांड्याला धरून खाली जाते ती एका जागी घासून घासून चकाकत होती. पोटात गोळाच आला. ब्रेक फ्लुइड म्हणजे ते लाल ५६०६, मिनरल ऑइल, पेटतं ते, आणि गळलं असतं तर थेट तापलेल्या डिस्कवर. नळी त्याच दिवशी बदलली. आता दोन्ही खोळी नवीन घेतोय आणि चारही कॉलर स्वतः फायबरमध्ये बनवणार आहे. फायबरचं काम आयुष्यात कधी केलेलं नाही. कोणाला अनुभव?

वाचनमात्र | रविवार, सकाळी ७.१२

वाचतोय. फोटो दिसत नाहीत.

तर्कटराव | रविवार, सकाळी ९.०५

एक बाळबोध प्रश्न. दांडा तसाच उघडा ठेवला तर काय बिघडतं? मनगटाएवढीसुद्धा जाडी नसेल त्याची. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

अनुजा_वि | रविवार, सकाळी ११.३०

बाळबोध वाटतो पण प्रश्न भारी आहे. हवेला जाडीपेक्षा आकाराशी देणंघेणं जास्त. गोल दांड्याच्या मागे हवा चिकटून राहत नाही, सुटते आणि भोवरे होतात, मागे कमी दाब राहतो आणि तो दांड्याला मागे ओढतो. गोल तारेचा ड्रॅग (हवेचा विरोध) ढोबळमानाने तिच्या दहापट जाड असलेल्या थेंबाकाराएवढा भरतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं आणि तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता. म्हणजे तुझा बारीकसा दांडा हवेला जाडजूड ओंडक्याएवढा दिसतो. शिवाय ड्रॅग वेगाच्या वर्गात वाढतो आणि लागणारी पॉवर घनात, त्यामुळे वेगवान विमानात हा हिशेब आणखी बोचतो.

ढगफोड्या, तुझे आकडे आहेत का? खोळ असताना आणि नसताना?

ढगफोड्या | रविवार, दुपारी ४.१०

आहेत ना. नवीन माल यायला वेळ लागणार म्हणून गेल्या आठवड्यात खोळी-पँट सगळं काढून एकदा उडवलं. ८००० फुटांवर, तेच आरपीएम, तेच मॅनिफोल्ड प्रेशर, तीन दिशांना जीपीएसवर वेग घेऊन वाऱ्याचा हिशेब काढून टाकला. आधी १५५ नॉट यायचे, नागडं उडवलं तर १४२. तेरा नॉट गेले राव, आणि पेट्रोल तेवढंच. तर्कटराव, खटाटोप यासाठी. (आणि खरं सांगायचं तर उघड्या पायांचं विमान बगळ्यासारखं दिसतं.)

भोसरीकर | रविवार, रात्री ९.४५

ढगफोड्या, मी ३१ वर्षं एफआरपीत काढली, टाक्या, दरवाजे, बसचे बंपर, देखाव्याचे हत्ती, काय म्हणशील ते. विमानाचं मला काही कळत नाही पण फायबरचं विचार.

पहिलं म्हणजे कुठलं रेझिन वापरणार आहेस? आमच्याकडे सगळं पॉलिएस्टर, स्वस्त पडतं. पण त्यात कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकात थेट ओतायचे नाहीत, आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचा आणि मग हार्डनर. दोन्ही एकत्र पडले तर भडका होतो, नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

दुसरं, घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. अंगाला आधी टाल्कम पावडर चोळ आणि नंतर थंड पाण्याने आंघोळ. गरम पाणी घेतलंस तर रात्रभर खाजवत बसशील. फुल बाह्या म्हणजे मनगटाला रबर लावून, नाहीतर धूळ आत जाते ती जातेच.

ढगफोड्या | सोमवार, रात्री १०.२०

काका, तुमच्यासारखा माणूस इथे असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. इथे सगळे इपॉक्सी वापरा म्हणतात. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी नीट चिकटते पण उलटं केलं, म्हणजे वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर, तर नीट धरत नाही म्हणे. आणि इपॉक्सी आकसतेही कमी. कॉलरचा आकार कसा काढायचा ते मात्र डोक्यात बसत नाहीये. जागेवरच मातीने गोलाई भरायची आणि तिच्यावर कापड चढवायचं असं वाचलंय.

भोसरीकर | सोमवार, रात्री ११.००

बरोबर वाचलंस. इपॉक्सी असेल तर उत्तमच, फक्त प्रमाण काट्यावर मोज, अंदाजपंचे नको. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा इकडेतिकडे झाला तर लवकर किंवा उशिरा सेट होतं इतकंच, इपॉक्सीत चुकलं तर चिकट राहतं ते जन्मभर.

मातीचं म्हणशील तर आमचे कारागीर शाडूत करायचे. पण तू शाडू घेऊ नको. ती सुकताना तडकते आणि तिच्यातलं पाणी इपॉक्सीला मानवत नाही. पोरांची ती तेलकट रंगीत माती मिळते ना, ती घे. गोलाई बोटाने काढायची नाही, लाटणं किंवा चमच्याची पाठ फिरव म्हणजे एकसारखी येते. तिच्यावर खाकी पॅकिंगची टेप सुरकुती न पाडता, टेपवर मेण, मग कापडाचे तीन-चार थर. ब्रश ओढायचा नाही, टिपत टिपत जायचं, बुडबुडा दिसला की टिपायचा.

ढगफोड्या | पुढच्या रविवारी, रात्री ८.३०

अपडेट. पहिली कॉलर कचऱ्यात गेली.

झालं असं की हँगरमध्ये थंडी, पारा ४५ फॅरेनहाइटच्या आसपास, म्हणजे आपले सातेक अंश. मी म्हटलं घट्ट व्हायला वेळ लागेल तर एकदम भरपूर रेझिन कालवून घेऊ. एका कपात सगळं कालवलं आणि कापड कापायला वळलो, पाच-सात मिनिटांत कपातून धूर. हातात धरवेना. कप तसाच बाहेर बर्फात नेऊन ठेवला. आणि गंमत बघा, कपातलं दगड झालं आणि मातीवर पसरलेलं जे थोडं होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारीही चिकट. एकाच कपातलं रेझिन.

भोसरीकर | रविवार, रात्री ९.१५

हा हा हा. सगळ्यांचं एकदा होतं. ढीग करून ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने पेटतं, पातळ पसरलं की उष्णता उडून जाते. कालवायचं थोडं थोडं आणि पसरट भांड्यात. आणि कामावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालून आत बल्ब लाव, साधा पिवळा १०० वॅटचा. अंडी उबवायची पेटी बघितली आहेस का, तसं. बल्ब कशाला टेकू देऊ नको फक्त.

तर्कटराव | सोमवार, सकाळी ८.५०

एक शंका. अमेरिकेत हे असं कोणीही घरी विमानाचे पार्ट बनवून लावू शकतो? परवानगी बिरवानगी?

अवांतर: विमान तर आपल्या तळपद्यांनी १८९५ लाच चौपाटीवर...

हडपसरची घार | सोमवार, सकाळी ९.३०

तर्कटराव, तो विषय नको हो, या संस्थळावर त्यावर तीन धागे कुलूपबंद झालेत. तळपद्यांसाठी ज्याचा हवाला देतात त्या वैमानिक शास्त्र नावाच्या पुस्तकातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सवाल्यांनी १९७४ मध्येच तपासून सांगितलंय. आपल्याकडचं खरं उदाहरण हवं तर अमोल यादव आहेत की, कांदिवलीच्या चारकोपात बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं या माणसाने. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात बीकेसीत ठेवलेलं मी स्वतः जाऊन बघितलंय. रजिस्ट्रेशन मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला.

ढगफोड्या | सोमवार, रात्री ११.५५

तर्कटराव, इथे एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर बिल्ट असा वेगळा वर्गच आहे. अट अशी की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला हवा, याला बोलीत ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. ज्याने बांधलं त्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमनचं सर्टिफिकेट मिळू शकतं. मी बांधलेलं नाही त्यामुळे मला ते मिळत नाही. पण रोजची डागडुजी, पार्ट बदलणं हे या वर्गात कोणीही करू शकतो, फक्त दर बारा महिन्यांनी कंडिशन इन्स्पेक्शनवर सही करायला मला ए अँड पी (सरकारी परवाना असलेला) मेकॅनिक लागतो. आणि लॉगबुकात नोंद करायची, वजन बदललं तर वेट अँड बॅलन्सचा कागद नवा करायचा.

परवानगीचा धाक कमी आहे म्हणूनच दुसऱ्याला दाखवून घ्यायची पद्धत आहे. १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेली ईएए म्हणजे या लोकांची वारकरी संघटना समजा, दर जुलैत ऑशकॉशला वारी. आमच्या गावच्या शाखेत एक आजोबा आहेत, त्यांना बोलावलं तर फुकट येऊन बघतात आणि फुकट शिव्याही घालतात.

ढगफोड्या | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १२.१५

कॉलर झाल्या. चार लागतात, सहा बनवल्या. काका, लाटणं जिंदाबाद.

पण मला आज लिहायचंय ते वेगळंच. मला वाटायचं फायबर हेच मोठं काम. नाही. मोठं काम आहे खोळ सरळ बसवणं. ही खोळ म्हणजे दांड्याभोवतीची बाही आहे, खाली सरकू नये म्हणून होज क्लॅम्प असतो बस, बाकी दांड्याभोवती ती कशीही फिरू शकते. आणि आकार पंखाचा. म्हणजे किंचित तिरकी बसली की ती उभा पंखच झाली, सुकाणूच म्हणा, तेसुद्धा विमानाच्या नाकाशी.

ती जमिनीवर उभ्या विमानाला बघून बसवायची नसते, कारण वजन पडलं की पाय फाकतात आणि हवेत गेलं की परत आत येतात. म्हणून इंजिन क्रेनने नाक उचललं, शेपटी स्टँडवर घेतली, कॉकपिटचे लाँगेरॉन (बाजूचे लांब आडवे दांडे) लेव्हलमध्ये आणले, चाकं जमिनीपासून दोन बोटं वर. मग गवंड्याचा ओळंबा. एक फायरवॉलच्या (इंजिनामागचा पत्र्याचा पडदा) मधून, एक शेपटीतून, खाली दोन खुणा आणि त्यातून खडूची दोरी मारली की विमानाची मध्यरेषा जमिनीवर आली. माझे आजोबा कऱ्हाडला बांधकामावर होते, त्यांच्या हातात बघितलेला ओळंबा मी ओहायोत विमानाला लावतोय, असो.

मग खोळीच्या पुढच्या कडेभोवती दोरा घ्यायचा, दोन्ही टोकं समान ताणून मागे न्यायची आणि मध्यरेषेपासून दांड्याइतक्याच अंतरावर एका खुंटीला एकत्र बांधायची. दोरा जमिनीला समांतर हवा, दांडा तिरका असला तरी, कारण हवा दांड्याला विचारून येत नाही. खोळीची मागची कड दोन्ही दोऱ्यांच्या बरोब्बर मध्ये आली पाहिजे. वर एकदा आणि खाली एकदा.

डावी सरळ बसली. उजव्या बाजूला मात्र जुन्या खोळीच्या खुणा दांड्यावर होत्या म्हणून आधी त्याप्रमाणे बसवून मोजलं, तर मागची कड आठ मिलिमीटर डावीकडे! पंचवीस वर्षं हे असंच उडत होतं. आता दोन्ही दोऱ्याप्रमाणे बसवल्या, ड्रिल केलं, कॉलर स्क्रूने लावल्या. ब्रेक नळीभोवती सगळीकडे बोट फिरेल एवढी जागा ठेवलीये. उद्या हवा चांगली आहे.

हडपसरची घार | शनिवार, सकाळी ७.४० (इथली)

ओळंबा वाचून मजा आली. बॉल (वाकड्या नळीतली ती गोळी, विमान तिरकं सरकलं की मधून बाजूला जाते) कुठे राहतो ते सांग उडून आल्यावर. आम्ही ग्लायडरच्या काचेवर लोकरीचा धागा चिकटवतो, पाच पैशाचं यंत्र पण कधी खोटं बोलत नाही.

ढगफोड्या | रविवार, रात्री ९.३०

घारताई, माझ्या काचेपुढे पंखा आहे हो, त्याच्या भोवऱ्यात लोकर काहीही बोलेल. बॉलवरच भागवतो.

आणि बॉलनेच आज रडवलं. वेग परत आला, उलट दोन नॉट वाढले, १५७. पण क्रूझमध्ये (एका उंचीवर सरळ उडताना) बॉल अर्धा उजवीकडे! सतत उजव्या पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून धरायला लागतोय. आधी बॉल मध्ये असायचा. सरळ करून वाकडं झालं. एवढं मोजून मापून? मी खोळी परत काढून परत मोजणार आहे.

मिशिगनचा मावळा | रविवार, रात्री १०.०५

थांब, काही काढू नको. मी आरव्ही-७ बांधलंय, यातून गेलोय. दोन गोष्टी सांग.

१. विमान आडवं लेव्हलमध्ये असताना बॉल मध्ये होता का? कितीतरी विमानांत बॉलचं यंत्रच तिरकं बसवलेलं असतं.

२. थ्रॉटल बंद करून त्याच वेगाने खाली येत असताना बॉल कुठे जातो? उजवा पाय लागतोय म्हटल्यावर पहिला संशय इंजिनवर येतो कारण या इंजिनांचा ओढा डावीकडेच असतो. पण तो चढताना जास्त हवा. पॉवर काढल्यावरही बॉल बाहेरच राहिला तर इंजिन निर्दोष.

ढगफोड्या | मंगळवार, रात्री ८.५०

बॉलचं यंत्र लेव्हलमध्ये आहे, क्रेनवर असतानाच तपासलेलं. आज थ्रॉटल बंद करून बघितलं, बॉल तिथेच, अर्धा उजवीकडे. वेग कमी केला की हळूहळू मध्ये येतो.

मिशिगनचा मावळा | मंगळवार, रात्री ९.००

वेगाबरोबर वाढतंय म्हणजे हवेत कुठेतरी काहीतरी वाकडं आहे. रडरच्या मागच्या कडेला उजव्या बाजूला काही चिकटवलंय का? लाकडाची पट्टी, प्लॅस्टिक, काहीही?

ढगफोड्या | मंगळवार, रात्री ९.२०

आईशप्पथ. आहे. वीतभर लांब लाकडी पाचर. विमानाच्याच रंगात रंगवलेली. मला वाटलं डिझाइनमध्येच असते.

अनुजा_वि | मंगळवार, रात्री ९.५०

झालं, हिशेब लागला. जुनी उजवी खोळ मागची कड डावीकडे ठेवून बसलेली, म्हणजे तिच्यावर उजवीकडे जोर येणार. टेलड्रॅगरचे (शेपटीला चाक असलेलं विमान) पाय सीजीच्या, म्हणजे गुरुत्वमध्याच्या, पुढे, त्यामुळे नाक उजवीकडे. त्यावर उतारा म्हणून बांधणाऱ्याने रडरच्या उजव्या बाजूला पाचर मारली, पाचर रडरला डावीकडे ढकलते, नाक डावीकडे. दोन वाकड्यांचं मिळून एक सरळ. तू त्यातलं एक वाकडं काढलंस, दुसरं तसंच राहिलं. तुझी मापं बरोबर आहेत.

आणि ते वाढलेले दोन नॉटही तिथलेच असावेत, इतकी वर्षं खोळ आणि रडर एकमेकांशी भांडण्यात पॉवर घालवत होते.

भोसरीकर | बुधवार, सकाळी ६.३०

म्हणजे दरवाजा घासतो म्हणून बिजागरीखाली पुठ्ठा घालतात तसला प्रकार. चौकट कोणी बघत नाही.

ढगफोड्या | रविवार, रात्री ८.००

काढली पाचर. त्याआधी बांधणाऱ्या गृहस्थांना फोन केला, वय झालंय पण आठवण लख्ख. म्हणाले, हो, पहिल्या उन्हाळ्यातच लावली, बॉल बाहेर जायचा, कारण शोधायला सगळं परत क्रेनवर घ्यावं लागलं असतं आणि मला तर उडायचं होतं. मी काय बोलणार, मीही तेच केलं असतं.

आज उडवलं. बॉल मध्ये, दोन्ही पाय जमिनीवर. वेग अजून नीट मोजला नाही, हवा फार उसळत होती. विमान जमिनीवर चालवताना एक टायर पँटला आतून घासतंय असा वास आला, ते उद्या बघतो, कड थोडी कापायला लागेल. जुन्या-नव्या खोळी काट्यावर ठेवल्या तर फरक नगण्य निघाला, तरी आकडा लिहून ठेवलाय.

पाचर निघताना रडरचा रंग घेऊन गेली. तेवढा पट्टा स्वतः स्प्रे केला तर चालेल का?

मिशिगनचा मावळा | रविवार, रात्री ८.२५

पट्ट्यापुरता चालेल, पण आधी जुना रंग कडेपर्यंत घासून घे, थरावर थर देऊ नको. मागच्या कडेला वजन वाढलं की रडरचा बॅलन्स बिघडतो आणि फ्लटरशी (वेगात रडर जोरात फडफडणं) खेळ नको. पुटी तर अजिबात भरू नको तिथे.

भोसरीकर | सोमवार, सकाळी ६.१०

घासताना मास्क. आणि त्या उरलेल्या दोन कॉलरचा फोटो टाक, बुडबुडे बघायचेत.

वाचनमात्र | सोमवार, सकाळी ७.०२

फोटो अजूनही दिसत नाहीत.